तीन मिनिटांचा चित्रपट आणि घरचे बी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे, ता. अकोले, येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात इत्यादी पिकांचे गावरान बियाणे जतन केले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावरान बी घरीच राखता येते. या कार्यावरील श्री. अच्युतानंद द्विवेदी यांच्या ‘सीड मदर’ या तीन मिनिटांच्या चित्रपटास २०१९ साली फ्रान्समधील कान येथे ‘नेस्प्रेसो टॅलेंट्स’ लघुपट-स्पर्धेत तिसरे पारितोषिक मिळाले. राहीबाईंना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली.

प्रसाराचे हे साधन गावोगावी वापरता येईल. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे विद्यार्थी अनुभवासाठी खेड्यांत येतात. ग्रामसेवकांनी त्यांच्या गटांची चढाओढ लावावी. चित्रण करण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपली कल्पना पाच मिनिटांत चावडीवर मांडावी व निवड शेतकऱ्यांनी करावी. एका चित्रपटात एकच कृती दाखवावी: निरोगी झाडाचे बी निवडणे, ते वाळविणे, किंवा राख व कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात साठविणे.

मोबाइलवरून चित्रपट हजारो घरी पोहोचेल; परंतु पुढील पेरणीस घरचे बी निघाले, तरच तो यशस्वी समजावा.