शब्दांची चाळणी आणि नावाचा मान



निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावीही आज नोकरीचा, परीक्षेचा वा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावरच भरावा लागतो. अर्जात सर्वप्रथम विचारले जाते ते नाव. हे नावच 'असभ्य' ठरवून यंत्राने परत केले, तर अर्जदाराने काय करावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २०२० साली आसाममधील एका तरुणीने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीत नोकरीसाठी अर्ज भरावयास घेतला. संकेतस्थळाने तिचे आडनाव स्वीकारलेच नाही. ते तिच्या समाजाचे नाव होते. आसामी भाषेत त्याचा उच्चार 'सुतिया' असा होतो. या समाजाचे सदिया येथे राज्य होते व सोळाव्या शतकात आहोमांनी ते जिंकून घेतले. मात्र हे नाव रोमन लिपीत लिहिले की ते हिंदीतील एका शिवीसारखे दिसते. याच कारणास्तव २०१२ साली फेसबुकनेही या समाजातील अनेकांची खाती बंद केली होती. ज्या नावाचा पूर्वजांना अभिमान होता, त्याच नावाचा खुलासा करीत बसण्याची पाळी त्यांच्या वंशजांवर आली.

हे घडते कसे?

अपशब्द रोखणारी जुन्या पद्धतीची यंत्रणा ही एक चाळणी असते. तिच्याजवळ नको असलेल्या शब्दांची यादी असते. लिहिलेल्या मजकुरात ती अक्षरे त्याच क्रमाने आढळली की मजकूर अडतो. अर्थाशी तिला कर्तव्य नसते. उदाहरणार्थ, हिंसा टाळावी म्हणून कोणी 'मार' हा शब्द बंद केला असे समजू या. मग 'कुमार', 'इमारत', 'सुमारे' आणि 'मारुती' हे शब्दही अडतील. 'पवित्र कुमारी मरिया' असेसुद्धा आपणांस लिहिता येणार नाही, कारण 'कुमारी' या शब्दाच्या पोटात 'मार' आहे.

यावर कोणी म्हणेल की पूर्ण शब्द जुळला तरच अडवावे. इंग्रजीत हा उपाय बराच उपयोगी पडतो. आपल्या मराठीत मात्र प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. 'घर' या एका शब्दाची घरात, घराला, घरासाठी, घरापासून अशी कितीतरी रूपे होतात. पूर्ण शब्दच शोधला तर खऱ्या शिवीची बहुतेक रूपे निसटतात, आणि तुकडा शोधला तर निरपराध शब्द सापडतात. या पेचातून नुसत्या यादीच्या बळावर सुटका नाही.

त्यात आपली तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर पुष्कळदा रोमन अक्षरांत मराठी लिहितात. 'सुरक्षित', 'अपेक्षित', 'दुर्लक्षित' हे शब्द तसे लिहिले की त्यांच्या शेवटच्या चार अक्षरांतून विष्ठेसाठी वापरला जाणारा इंग्रजी अपशब्द तयार होतो. दीक्षित आणि शितोळे ही आडनावे, परीक्षित आणि हर्षिता ही नावे याच फेऱ्यात सापडतात. आपल्या उपासनेतील शब्दांचीही तीच गत आहे. मिस्साबलीला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यात आणि संत फ्रान्सिस यांच्या असिसी या गावाच्या नावात 'गाढव' या अर्थाचा तीन अक्षरी इंग्रजी शब्द दडलेला आहे. तो पुढे शिवी म्हणून रूढ झाला, म्हणून तो अनेक याद्यांत असतो. प्रभू येशू ज्या प्राण्यावर बसून यरुशलेमेत आला, त्याचेच ते नाव!

जगातील काही उदाहरणे

१९९६ साली इंग्लंडमधील स्कनथॉर्प या शहराच्या रहिवाशांना एओएल या कंपनीच्या सेवेत खाते उघडता येईना. त्यांच्या शहराच्या नावात एक अश्लील शब्द लपलेला होता. तेव्हापासून या दोषाला 'स्कनथॉर्प समस्या' असेच नाव पडले आहे. पुढे २०२० साली जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची परिषद संगणकाद्वारे भरली, तेव्हा तेथील यंत्रणेने 'हाड' या अर्थाचा इंग्रजी शब्दच अडवला. ज्यांचा सारा अभ्यास हाडांचा, त्यांनी बोलावे तरी काय?

आपल्या मुंबईतही असा प्रसंग घडला आहे. २०१५ साली मिहिर जोशी यांच्या एका गीताच्या चित्रफितीतील 'बॉम्बे' हा शब्द, शिवी झाकावी तसा, चित्रपट प्रमाणन मंडळाने आवाजाखाली झाकावयास लावला. त्या शहरातील उच्च न्यायालय आणि महाधर्मप्रांत इंग्रजीत आजही तेच नाव धारण करतात. तेथे निर्णय यंत्राचा नव्हता, माणसांचा होता. संदर्भ सोडून शब्द पाहिला की माणसाच्या हातूनही हेच घडते.

ख्रिस्ती वाचकांस विशेष लागणारी घटना नोव्हेंबर २०११ मधील आहे. पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाने भ्रमणध्वनी कंपन्यांना दीड हजारांहून अधिक इंग्रजी व उर्दू शब्दांची यादी धाडली आणि हे शब्द असलेले संदेश रोखण्यास सांगितले. त्या यादीत 'येशू ख्रिस्त' हे नामही होते. तेथील ख्रिस्ती समाजाने व इतर नागरिकांनीही निषेध केला आणि तो आदेश अमलात आला नाही.

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही. २००८ साली अमेरिकेतील एका ख्रिस्ती संघटनेच्या वृत्तसेवेने 'गे' हा शब्द आपोआप बदलून त्याजागी 'होमोसेक्शुअल' घालण्याची व्यवस्था केली होती. त्याच सुमारास टायसन गे हा धावपटू १०० मीटरची शर्यत जिंकला. बातमीत त्याचे आडनावच बदलून गेले. एका माणसाचे नाव पुसले गेले, आणि ते पुसणारी यंत्रणा आपल्याच बांधवांनी बसवली होती.

मग चाळणी नकोच काय?

असे आम्ही म्हणत नाही. मुलांच्या व स्त्रियांच्या वाट्याला येणारी घाणेरडी भाषा थांबलीच पाहिजे. पण शिवी देणारा अक्षरांच्या मध्ये टिंब किंवा आकडा घालून सहज निसटतो. सापडतो तो सरळपणे आपले नाव लिहिणारा. सोयाबीनच्या शेतात खुरपणी करणारी बाई प्रत्येक रोप पाहून तण उपटते, म्हणून पीक वाचते. भाषेच्या बाबतीतही शब्द कोणी, कोणास, कोणत्या भाषेत म्हटला हे पाहणारी नजर हवी. आता संपूर्ण वाक्य विचारात घेणाऱ्या नव्या प्रणाली येत आहेत. पुण्यातील 'एलथ्रीक्यूब' या अभ्यासगटाने २०२२ साली सुमारे पंचवीस हजार मराठी ट्वीट तपासून द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील व निर्दोष अशी त्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली. मराठी यंत्रास मराठी शिकवावयाचे तर असेच काम आणखी व्हावयास हवे.

तोवर आपण काय करावे? अर्जात नाव नाकारले गेले तर लाज वाटून घेऊ नये आणि स्पेलिंगही बदलू नये. नाव आधारपत्र व गुणपत्रिकेशी जुळले नाही तर पुढे नवीच अडचण उभी राहते. पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे, संबंधित कार्यालयास लेखी कळवावे आणि अर्जाची मुदत संपण्यापूर्वी पोच मागावी. ज्यांच्याकडे शाळेची संगणकखोली वा धर्मग्रामाचा व्हॉट्सॲप गट सोपवलेला आहे, त्यांनी परक्या भाषेतील तयार यादी तशीच लावू नये. आपल्या गावातील नावे व आडनावे आधी तपासून त्यांना मोकळी वाट द्यावी. एखाद्याचा मजकूर अडलाच, तर का अडला हे त्यास सांगावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणारा एक जबाबदार माणूस नेमावा.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरू सर्वप्रथम आईवडिलांना विचारतो, 'बाळाचे नाव काय ठेवले?' ते सांगतात आणि तो त्याच नावाने बाळाला हाक मारतो. अर्ज तपासणाऱ्या यंत्रामागे बसलेल्या माणसानेही एवढे तरी करावे, अशी आमची अपेक्षा आहे.