वाटी, शेर आणि किलो : स्वयंपाकघरातील मापांचा हिशेब

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोन भाषा चालतात. कोठीत धान्य किलोने येते आणि चुलीवर मापाने जाते. नोंदवहीत ग्रॅम लिहिलेले असतात. स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या तोंडी मात्र ‘पंधरा डबे तांदूळ, चार डबे डाळ’ असा हिशेब असतो. या दोन भाषांचे भाषांतर चुकले, तर त्याची किंमत मुलांच्या ताटाला मोजावी लागते. म्हणून हा विषय वरवर किरकोळ वाटला, तरी येथे मांडावासा वाटतो.

वजन हे पदार्थाच्या भाराचे मोजमाप आहे, तर माप हे त्याने व्यापलेल्या जागेचे. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जुळतात. १ लिटर पाणी जवळपास १ किलो भरते. धान्याचे तसे नाही. दाण्यादाण्यांमध्ये पोकळी असते, पिठात तर हवाच अधिक असते. १ लिटरचे भांडे सपाट भरले, तर तांदूळ किंवा तूरडाळ सुमारे ८०० ग्रॅम, साखर ८५० ग्रॅम, रवा ७०० ग्रॅम, कणीक किंवा मैदा ५०० ते ५५० ग्रॅम आणि बारीक मीठ मात्र सुमारे १,२०० ग्रॅम भरते. तेलाच्या १ लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असे छापलेले आपण पाहिले असेलच. ते याच कारणाने.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. शालेय पोषण आहाराच्या केंद्रीय निकषानुसार सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. १०० विद्यार्थ्यांसाठी १५ किलो तांदूळ हवा. घरोघरी ज्याला ‘किलोचा डबा’ म्हणतात, तो बहुधा लिटरचा असतो. त्या डब्याने १५ वेळा मोजले, तर पातेल्यात १२ किलोच तांदूळ पडतो. उरलेले ३ किलो म्हणजे २० विद्यार्थ्यांचा वाटा. यात कोणी चोरी केलेली नसते, कोणाची नियतही वाईट नसते. तरीही प्रत्येक ताटातून ३० ग्रॅम कमी झालेले असतात. योग्य हिशेब असा : १५ भागिले ०.८, म्हणजे पावणेएकोणीस डबे.

दीक्षाभूमीवर भोजनदान करणाऱ्या मंडळांनीही हे ध्यानात ठेवावे. १५ किलो तेलाचा रिकामा पिपा तांदळाने भरला, तर त्यात १५ नव्हे, सुमारे १३ किलो तांदूळ मावतो.

इतिहासाचा शिक्षक म्हणून येथे थोडे मागे जाणे भाग आहे. आपल्या आजीआजोबांच्या काळी धान्य मापानेच मोजले जाई. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. पण ‘शेर’ हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाचा शेर मात्र मुलखागणिक बदले. त्यातच माप सपाट भरायचे की वर शीग ठेवायची, हे ज्याच्या हाती माप असे तोच ठरवी. ज्या समाजाची मजुरी धान्यात मिळत होती, त्याच्यासाठी ती शीग म्हणजे एका वेळची भाकरी होती. भगवान बुद्धांच्या उपदेशातील ब्रह्मजाल सुत्तात खोट्या तराजूचा आणि खोट्या मापाचा स्वतंत्र उल्लेख आहे. वजनातील फसवणूक आणि मापातील फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची जाण किती जुनी आहे हे त्यावरून दिसते.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, संघसूचीच्या ५०व्या नोंदीत, वजनमापांची मानके ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे दिलेला आहे. त्यानुसार डिसेंबर १९५६मध्ये वजनमापांच्या मानकांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२पासून ती सक्तीची झाली. माप एकच झाल्याने मोजणाऱ्याची मर्जी चालेनाशी झाली. बाजारातील ही शिस्त स्वयंपाकघरात आणण्याचे काम मात्र आपले आहे.

त्यासाठी फारसे काही लागत नाही. प्रथम आपली वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरावी. जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर ती वाटी. मग वाटी कोरडी करून त्यात पदार्थ भरावा. आपटू नये, दाबू नये. वर सुरीची पाठ फिरवून सपाट करावा. असे तीनदा मोजून सरासरी काढावी आणि तो आकडा डब्यावर चिकटवावा. चाळलेले पीठ आणि दाबून भरलेले पीठ यांत पाव हिश्शाइतका फरक पडू शकतो, म्हणून भरण्याची पद्धत दर वेळी एकच ठेवावी.

परगावी, परदेशी राहणाऱ्या माजी विद्यार्थिनींना केक करताना हीच अडचण येते. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५०चा, आणि आपली वाटी ज्या घरची त्या घरासारखी! २०० मिलिलिटरची वाटी धरली, तर २५० ग्रॅम मैद्याला जवळजवळ २ वाट्या आणि आणखी पाऊण अर्धी लागते असे नव्हे, तर २ वाट्या आणि अर्धीहून थोडी कमी लागते. तेवढ्याच वजनाच्या साखरेला दीड वाटी पुरते. पाककृतीतला लहान चमचा ५ मिलिलिटरचा असतो. घरातला चमचा तेवढा आहे की नाही, हे औषधाच्या बाटलीच्या खुणेच्या झाकणाने पाहता येते.

सातवीच्या विद्यार्थ्यांकडून एका दुपारी आपल्या भोजनगृहातील सर्व मापांचे असे वजन करून घ्यावे आणि तो तक्ता कोठीच्या भिंतीवर लावावा, अशी माझी सूचना आहे. गुणाकार-भागाकाराचा याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही. शिवाय आपल्या ताटात किती पडायला हवे, हे ज्या मुलाला मोजता येते, त्याला पुढे आयुष्यात कोणी मापात फसवणे कठीण जाते.