जुन्या कंपनी-संगणकात नवा पार्ट बसतो, पण चालत का नाही?

पीकविम्याची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली, सेवा केंद्राबाहेर रांग लागली आणि आत मशीन फिरतंय ते फिरतंयच. मग चालक वैतागून ठरवतो, "रॅम वाढवू, एसएसडी टाकू." पार्ट येतो, स्क्रू उघडतात, आणि बटण दाबल्यावर स्क्रीन काळी. पार्ट खराब आला म्हणून दुकानदाराशी भांडण. बऱ्याचदा पार्ट चांगलाच असतो, तो त्या मशीनचा नसतो एवढंच.

गावोगावच्या सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांत सध्या दिसतात त्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेल्या मशिनी. डेलच्या ऑप्टिप्लेक्स, एचपी, लिनोव्हो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथून त्या तालुक्याला येतात. मजबूत असतात यात शंका नाही. पण दुकानात सुटे भाग जोडून केलेला संगणक वेगळा आणि कंपनीने बांधून दिलेला वेगळा. कंपनीच्या डब्यात अनेक गोष्टी तिच्या स्वतःच्या मापाच्या असतात.

चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर चालणारी ऑप्टिप्लेक्स ९०२० घ्या. तिचा एसएमपीएस जळाला की बाजारातला साधा एसएमपीएस आणून चालत नाही. साध्या मदरबोर्डला २४ पिनांची मुख्य वायर लागते, हिला ८ पिनांची. हार्डडिस्कची पॉवरही एसएमपीएसमधून येत नाही, मदरबोर्डवरून येते. २४ पिनांचं ८ पिनांत रूपांतर करणारा ॲडॉप्टर मिळतो, पण तो त्याच मॉडेलचा आहे याची खात्री करूनच लावावा. छोट्या आडव्या डब्यात तर साधा एसएमपीएस मावतच नाही. गंमत म्हणजे हिच्या आधीच्या ७०१० मध्ये २४ पिनांचीच वायर आहे. म्हणजे "डेलचं आहे" एवढं सांगून भागत नाही, मॉडेल सांगावं लागतं. डब्यावर सर्व्हिस टॅगचा स्टिकर असतो. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की मशीन मुळात कशी होती ते कळतं. पार्ट मागवण्याआधीची पाच मिनिटं इथे घालवावीत.

रॅममध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावला तर स्लॉट मोडतो. खरा घोळ बसणाऱ्या पट्टीत आहे. लेबलवर पीसी३-१२८००च्या पुढे 'यू' असेल तर ती डेस्कटॉपची. 'आर' असेल तर सर्व्हरची: स्वस्त मिळते, बरोबर बसते, पण या मशिनी तिच्यावर सुरू होत नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या काही स्वस्त पट्ट्यांवर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेलं असतं. त्या इंटेलच्या मशीनला उपयोगी नाहीत.

पट्टी बरोबर असूनही मशीन उठत नसेल तर वायर काढून, बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. जुन्या सगळ्या पट्ट्या काढा. नवी एकटी लावून बघा, मग जुनी एकटी. सोनेरी टोकं खोडरबरने हलकेच पुसा. धुळीच्या गावात निम्मी दुखणी इथेच बरी होतात. समोरचा दिवा केशरी होऊन थांबून-थांबून लुकलुकत असेल तर किती वेळा ते मोजा. त्या आकड्याचा अर्थ मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर तो एसएसडीत घालावा, आणि तीही साधी अडीच इंची साटा. रॅम चारची आठ जीबी केल्यापेक्षा हार्डडिस्क बदलल्याचा फरक बहुतेकांना आधी जाणवतो. जास्त वेगाच्या मोहाने काही जण कार्डावर बसवून एनव्हीएमई डिस्क लावतात. विंडोजमध्ये ती दिसते, कॉपीही होते, पण ९०२०च्या पिढीचा बायोस तिच्यावरून मशीन सुरू करत नाही. त्यासाठीच्या खटपटी आहेत. रोज गिऱ्हाईक असलेल्या दुकानाने त्या करू नयेत.

एक दुखणं फार फसवं आहे. एसएसडी लावली, चार महिने चालली आणि अचानक निळी स्क्रीन. डिस्क गेली असं वाटतं. पण कधी कधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. लाईट गेली की बायोसची सेटिंग मूळपदावर जाते. डेलमध्ये डिस्कचं मूळ सेटिंग 'रेड' असतं आणि विंडोज मात्र 'एएचसीआय' वर टाकलेलं असतं. सेटिंग परत एएचसीआय केलं आणि सेल बदलला की मशीन चालू. तारीख मागे जाऊन सरकारी साइट 'सुरक्षित नाही' म्हणू लागल्या, तरी आधी हाच सेल तपासावा.

फोटो स्टुडिओवाले ग्राफिक कार्ड टाकतात. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि या एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी वायर नसते. म्हणून जीटी १०३० सारखं ३० वॅटचं कार्ड ठीक. साटाच्या वायरीतून सहा पिनांची पॉवर काढणारा जोड मिळतो, तो लावू नये. साटाचं टोक सुमारे ५४ वॅटसाठी बनवलेलं असतं. जास्त ओढलं तर वितळतं. आडव्या डब्याला अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं, तेव्हा बरोबर छोटी पट्टी मिळते का ते विचारावं. कार्ड लावल्यावर स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरची वायर बघा. ती मदरबोर्डच्या जुन्या व्हीजीए पोर्टातच राहिलेली असते आणि कार्ड दिसलं की मशीन तो पोर्ट बहुधा बंद करते. नव्या कार्डांना व्हीजीए नसतंच. जुना मॉनिटर चालवायचा तर सिग्नल बदलणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, नुसता पिनांचा जोड नाही.

प्रोसेसर बदलायचा तर त्याच पिढीतला घ्यावा. आय५-४५९० काढून आय७-४७९० बसतो, सहाव्या पिढीचा बसत नाही.

हे सगळं करण्याआधी एक हिशेब मांडावा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतो, चौथ्या पिढीची मशीन त्यात अधिकृतपणे बसत नाही, रॅम ३२ जीबी केली तरी. शिवाय लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे तपशील याच मशीनवर टाइप होतात. तेव्हा चौथ्या पिढीत एसएसडीपुढे खर्च करू नये. रॅम, ग्राफिक कार्ड आणि एसएमपीएस मिळून जो आकडा होईल, तो आठव्या पिढीच्या जुन्या मशीनच्या भावाशी ताडून बघावा. एसएसडी मात्र काढून नव्या मशीनला लावता येते.