टेबल नसले तरी पाय तयार करा

परळ, लालबाग, नायगावकडच्या मुलामुलींना टेबल टेनिसचे टेबल सहजी मिळत नाही. हॉलमध्ये एका टेबलामागे अनेकजण नंबर लावून असतात; मुलींचा नंबर तर बहुधा शेवटी. म्हणून खेळ सोडावा काय? आम्ही म्हणतो, मुळीच नाही!

१९५२ साली या खेळाची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली. जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंजच्या बॅटने ती जिंकली. स्पंज आला, चेंडूचा वेग वाढला आणि हाताइतकेच पायांना महत्त्व आले. पाय तयार करायला मात्र टेबल लागत नाही.

टेबलाची रुंदी १५२.५ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट. चाळीच्या गॅलरीत तेवढ्या अंतरावर खडूने दोन रेघा मारा. पाय खांद्यांहून थोडे फाकवून, गुडघे वाकवून, भार चवड्यांवर घ्या. पायात पाय न अडकवता एका रेघेकडून दुसरीकडे सरका. तिथे पोचताच बॅट फिरवा, क्षणभर स्थिर राहा. तोल गेला तर पाऊल लांब पडले असे समजा. अर्धा मिनिट सराव, अर्धा मिनिट विश्रांती, असे पाच वेळा करा. शेवटी एकेका पायावर अर्धा मिनिट उभे राहा. फरशी कोरडी असावी.

पाय धपाधप वाजले तर खालच्या मजल्यावरून ओरड येणारच. पाऊल आवाज न होता पडू लागले की तोल साधला!

वडीलधाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की रोज दहा मिनिटे मुलींनाही गॅलरी मोकळी करून द्या.