साक्षीदार दोन ठेवा!

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. रात्रीचे साडेअकरा. तुम्ही ‘सबमिट’ दाबता, चक्र गोल गोल फिरत राहतं आणि पेज कोरं पडतं. फॉर्म गेला की नाही? त्या क्षणी नेमकं काय झालं, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये.

माझ्या एका मैत्रिणीचं अगदी हेच झालं. पैसे कापले गेले, पण यादीत नाव नाही. ऑफिसात गेल्यावर उत्तर मिळालं, ‘त्या रात्रीचे लॉगच नाहीत, लॉग सर्व्हर बंद होता.’ बँकेचा मेसेज दाखवून तिचं काम झालं खरं, पण लेट फी भरून! मला मात्र प्रश्न पडला. वेबसाइट बंद पडली की सगळे बोंब मारतात. मग नोंदी ठेवणारं मशीन बंद पडलं तर कुणालाच कसं कळत नाही?

हा प्रश्न घेऊन मी आमच्या कम्प्युटर लॅबमधल्या एका दादाला गाठलं. तो म्हणाला, ‘नुसतं लिहू नकोस, करून बघ.’ मग एका लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन उभी केली: एक नोंदी पाठवणारं, दोन त्या घेणारी. तुम्हीही करू शकता. लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

आधी थोडं बेसिक. प्रत्येक सर्व्हर स्वतःची डायरी लिहितो: कोण आलं, कधी आलं, काय बिघडलं. यासाठीची ‘सिसलॉग’ ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ‘सेंडमेल’ या ईमेल सॉफ्टवेअरसाठी तयार केली, ती आजही चालते. सगळ्या मशीनच्या डायऱ्या एका ठिकाणी गोळा करतो तो सेंट्रल लॉग सर्व्हर. हॅकरने एखाद्या मशीनवरची डायरी पुसली, तरी इथली प्रत शाबूत राहते. आणि हा काही हौसेचा मामला नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात.

आता आपला प्रयोग. दोन्ही लॉग सर्व्हरवर ‘आरसिसलॉग’ टाकलं आणि ‘कीपअलाइव्हड’ने दोघांना मिळून एकच पत्ता दिला. याला व्हर्च्युअल आयपी म्हणतात. पहिला सर्व्हर दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाक देतो. तीन-चार सेकंद हाक आली नाही, की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. पाठवणाऱ्याला सेटिंग बदलावी लागत नाही. हाच फेलओव्हर. भारी ना?

थांबा, इथेच आम्ही फसलो! आम्ही मशीन चालू ठेवून फक्त आरसिसलॉग बंद केलं. हाका चालूच राहिल्या, पत्ता हललाच नाही आणि नोंदी हवेत गेल्या. माणूस खुर्चीत बसलाय, पण झोपलाय, असा प्रकार. म्हणून कीपअलाइव्हडला एक छोटी स्क्रिप्ट जोडावी लागते. ती नुसतं मशीन नाही, तर काम चालू आहे का ते तपासते.

दुसरा धडा त्या तीन-चार सेकंदांचा. यूडीपीने पाठवलेली नोंद साध्या पोस्टकार्डासारखी असते, पोचली तर पोचली. म्हणून ‘रेल्प’ वापरा, त्यात पोचपावती मिळते. शिवाय पाठवणाऱ्या मशीनवर डिस्कवरची रांग चालू ठेवा. समोर कुणी नसेल तर नोंदी रांगेत थांबतात, नंतर पुढे जातात. आम्ही मेसेजना ओळीने नंबर देऊन पाठवले आणि मध्येच पहिलं मशीन बंद केलं. यूडीपीवर मधले नंबर गायब! रेल्प आणि रांग लावल्यावर सगळे आले, उलट काही दोनदा आले. हरकत नाही. दोनदा आलेलं गाळता येतं, न आलेलं शोधता येत नाही.

तिसरी गोष्ट, फेलओव्हर झाल्यावर अर्ध्या नोंदी एका सर्व्हरवर आणि अर्ध्या दुसऱ्यावर राहतात. म्हणून प्रत्येक नोंद दोन्हीकडे साठवा आणि सगळ्यांची घड्याळं जुळवून ठेवा. मोठ्या सिस्टिममध्ये साठवणीसाठी किमान तीन मशीन ठेवतात, म्हणजे संपर्क तुटला तरी बहुमताने निर्णय होतो. नाहीतर दोघंही ‘मीच मुख्य’ म्हणून लिहीत सुटतात. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘गिटहब’च्या नेटवर्कचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात डेटाबेसचा फेलओव्हर झाला, दोन ठिकाणच्या नोंदी वेगवेगळ्या झाल्या आणि गाडी रुळावर यायला २४ तासांहून जास्त वेळ लागला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शांततेवर अलार्म लावा. सप्टेंबर २०२४मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’च्या लॉग गोळा करणाऱ्या यंत्रणेत बग शिरला आणि काही ग्राहकांचे दोन आठवड्यांहून जास्त काळचे सुरक्षा लॉग अर्धवट राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर आपलं काय! उपाय मात्र साधा आहे. दर मिनिटाला एक खोटी नोंद पाठवायची. ती आली नाही की फोन वाजला पाहिजे.

दोन्ही सर्व्हर एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला असतील तर त्यांना दोन म्हणू नका. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम एक बंद करून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

तुमच्या कॉलेजात टेक क्लब असेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: ‘आपला लॉग सर्व्हर आत्ता बंद पडला, तर आपल्याला कधी कळेल?’ उत्तर द्यायला कुणी अडखळलं, की तुमचा पुढचा प्रोजेक्ट ठरला म्हणून समजा!