दुकानाचा डेटाबेस रुसला? आधी या पाच गोष्टी तपासा



नेरुळच्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानातली उधारीची वही बंद करून मी पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला. सोबत एसक्यूलाइट डेटाबेस. फुकट आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही. पहिल्याच आठवड्यात एका काकांना म्हटलं, "काका, ८४० रुपये बाकी आहेत." ते म्हणाले, "अरे, परवाच दिले की!" खरंच दिले होते. नोंद केल्याचं मलाही आठवत होतं, पण डेटाबेसमध्ये ती नव्हती. पैशांपेक्षा काकांचा उतरलेला चेहरा जास्त लागला.

चूक माझी होती. तुमची होऊ नये म्हणून ही यादी.

१. नोंद गायब होते. पायथन नोंद घालतं, पण 'कमिट' म्हटल्याशिवाय ती पक्की होत नाही. कमिट न करता कनेक्शन बंद केलं की नोंद रद्द. माझं नेमकं हेच झालं होतं. बिल आणि स्टॉक, दोन्ही नोंदी झाल्यावर एकदाच कमिट करा. मध्येच एरर आली तर 'रोलबॅक'. म्हणजे बिल झालं पण स्टॉक घटला नाही, असा घोळ होत नाही.

२. 'असं टेबलच नाही' अशी एरर येते. काल तर चालत होतं! बहुतेक वेळा प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमधून सुरू केलेला असतो. फाइल सापडली नाही की एसक्यूलाइट गुपचूप नवी, रिकामी फाइल बनवतं. फाइलचा पूर्ण पत्ता लिहा.

३. 'डेटाबेस लॉक्ड' येतं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसरा साधारण ५ सेकंद थांबतो, मग एरर. तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धवट बदल करून उघडी ठेवली आहे का, ते आधी बघा. दोन-तीन काउंटर असतील तर सरळ मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस घ्या.

४. ठरावीक नावांवरच अडतं. डिसोझा हे नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येते. नाव थेट क्वेरीत चिकटवलं असेल तर तिथेच वाक्य तुटतं. शिवाय अशा क्वेरीत कोणी मुद्दाम भलतंच काही टाइप करून डेटा उडवूही शकतो. क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवा आणि नाव वेगळं द्या. एकच नाव असेल तर कंसात नावापुढे स्वल्पविराम हवाच. नाहीतर पायथन एकेक अक्षर वेगळं मोजतं!

५. सकाळचं पहिलं बिल फसतं. हा मायएसक्यूएलवाल्यांचा त्रास. रिकामं पडलेलं कनेक्शन सर्व्हर ठरावीक वेळाने तोडतो. मूळ सेटिंग २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. आपण शटर ओढून घरी, तोवर कनेक्शन मेलेलं. कामापुरतं कनेक्शन उघडा, काम झालं की बंद करा.

आणि हो, एरर लपवू नका. तिची शेवटची ओळ आधी वाचा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. रोज रात्री प्रोग्रॅम बंद करून फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.

काका अजूनही येतात. पैसे दिले की काउंटरवर वाकून विचारतात, "लिहिलंस ना रे?" मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवतो. गिऱ्हाइकाचा विश्वास असाच रोज कमिट करावा लागतो.