आरशाच्या पाठीवरचे चार शब्द

मकर संक्रांत ते रथसप्तमी हा आमच्या धंद्याचा हंगाम. हळदीकुंकवाला यंदा काय लुटायचं, हा प्रश्न घराघरांत दरवर्षी नव्यानं पडतो. एके काळी कंगवा, करंडा, हातआरसा, बांगड्या असं वाण असायचं. मग स्टीलच्या वाट्या आल्या, प्लॅस्टिकचे डबे आले, कापडी पिशव्या आल्या. आता पुन्हा आरसा आला आहे, पण नव्या थाटात. मुठीत मावेल असा गोल, मागच्या बाजूला घेणारीचं नाव आणि त्याखाली एक ओळ. त्याच्या जोडीला लिपस्टिक-पावडर ठेवायचं पाऊच, टिकल्यांची डबी, लाकडी कंगवा, चहाचा मग. हळदीकुंकू संपलं की आठ मार्चचा महिला दिन येतो, मग केळवणं, डोहाळजेवणं, कुणाची पन्नाशी, कुणाची निवृत्ती. वस्तूवर नाव हवं आणि नावाखाली चार शब्द हवेत. ते चार शब्द लिहिण्याचं काम मी करते. छपाईचा एक लहानसा कारखाना आहे, त्यांच्यासाठी.

'एवढ्याशा कामाला लिहिणारी बाई कशाला लागते?' असं मला पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण थोडा विचार करून बघा. रस्त्यावरची जाहिरात आपण हजार लोकांबरोबर वाचतो आणि पुढच्या चौकात विसरतो. आरशाच्या पाठीवरची ओळ एकच बाई वाचते, एकटी असताना, आणि रोज वाचते. पर्समधून आरसा काढताना आधी ती ओळ दिसते आणि लगेच स्वतःचा चेहरा. तो चेहरा रोज सारखा नसतो. कधी तान्ह्या मुलाला घेऊन रात्रभर जागलेला असतो, कधी साहेबांचं बोलणं ऐकून आलेला असतो. अशा वेळी ती ओळ खोटी वाटली, की आरसा खणात जातो तो जातोच.

वस्तूवर लिहून देण्याची हौस काही आजची नाही. भांड्यांवर नाव घालण्याची आपली पद्धत आठवा. दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस करकर आवाज करणाऱ्या यंत्रानं तांब्यावर नाव कोरायचा : अमुक हिस लग्नाप्रीत्यर्थ मामांकडून सप्रेम भेट. त्या मजकुरात मान देणाऱ्याचा असे. भांडं कुणी दिलं हे पुढच्या दोन पिढ्यांना कळलं पाहिजे, हा त्यातला हिशेब. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात स्टॅफर्डशायरच्या बिल्स्टन वगैरे गावांत तांब्यावर मिनाकाम केलेल्या चिमुकल्या डब्या बनत. गालावर चिकटवायचे काळे कृत्रिम तीळ ठेवण्यासाठी त्या वापरत. झाकणाच्या आत इवलासा आरसा, आणि झाकणावर 'अमक्या गावाहून एक छोटीशी भेट' किंवा 'मैत्रीची खूण' अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. चीनमध्ये तर दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजवटीत, काशाच्या आरशांच्या पाठीवर शुभेच्छा कोरत. विसरू नकोस, असंही त्यांत असे. म्हणजे आमच्या धंद्याला बऱ्यापैकी वंशावळ आहे!

मात्र त्या सगळ्या मजकुरात बोलणारा असतो तो देणारा. घेणारीनं ऐकायचं. हे उलटं कसं झालं, त्याची एक गोष्ट जाहिरातीच्या जगातली आहे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या एका जाहिरात संस्थेत इलोन स्पेक्ट नावाची तरुणी काम करत होती. लॉरिआल कंपनीच्या केसांच्या रंगाची जाहिरात करायची होती. रंग स्पर्धकाच्या रंगापेक्षा महाग होता. पुरुष सहकाऱ्यांच्या डोक्यात बाईकडे कौतुकानं बघणाऱ्या पुरुषाची जाहिरात होती. स्पेक्ट चिडली आणि चिडूनच तिनं दुसरा मजकूर लिहिला. त्यात बाई स्वतःच बोलते, स्वतःबद्दल बोलते, आणि महाग रंग का घेते ते शेवटच्या चार शब्दांत सांगते : कारण माझी तेवढी किंमत आहे. पुढे कंपनीनं त्यातल्या 'मी'चा 'तुम्ही' केला, नंतर 'आपण' केला. स्पेक्ट २०२४ साली वारली, ओळ अजून चालू आहे. अर्थात ती रंग खपवण्यासाठी लिहिलेली होती, हे विसरून चालणार नाही. पण बाईच्या तोंडी 'मी' देण्याची युक्ती तिच्याकडून शिकावी अशी आहे.

हीच ओळ मराठीत आणायला बसा, म्हणजे आमच्या कामातली अडचण कळेल. 'किंमत' म्हटलं की बाजार आठवतो. 'पात्रता' म्हटलं की नोकरीचा अर्ज. आणि 'लायकी' हा शब्द तर आपण भांडणाखेरीज वापरतच नाही. 'तुझी लायकी काय?' असं विचारतात, 'माझी लायकी आहे' असं कुणी आनंदानं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

नटण्याविषयीच्या शब्दांची तीच गत. एकीकडे सौंदर्य, लावण्य, रूपगर्विता असे जरीकाठी शब्द, ते आरशावर घातले तर आरसा वाचनालयात ठेवावासा वाटतो. दुसरीकडे नट्टापट्टा, नखरा, तोरा, नटवी. हे शब्द घरातले, जिवंत, पण सगळे रागावताना वापरायचे. 'झाला का तुझा नट्टापट्टा?' हे वाक्य कुठल्या मुलीनं ऐकलेलं नाही? मला वाटलं, हे शब्द रागावणाऱ्यांकडे का राहू द्यायचे? म्हणून एका पाऊचवर मी दोनच शब्द घातले : 'माझा नट्टापट्टा'. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपणारी ओळ हीच. कॉलेजातल्या मुली घेतात आणि साठीच्या बायका तर हसत हसत दोन-दोन घेतात, एक स्वतःला, एक जावेला. पाठोपाठ 'शेड माझी, मर्जी माझी' आणि 'मी नटते माझ्यासाठी' या ओळी आल्या.

'मी' वापरण्याचा मराठीत आणखी एक फायदा आहे. 'तू सुंदर आहेस' हे बहिणीला चालेल, मैत्रिणीला चालेल. सासूबाईंना 'तू' कसं म्हणणार? आणि 'तुम्ही सुंदर आहात' असं लिहिलं, की सत्कार समारंभात आल्यासारखं वाटतं. शाळेच्या बाईंना, ऑफिसातल्या मॅडमना भेट द्यायची तर तीच पंचाईत. 'मला मी आवडते' या ओळीला हा घोर नाही. देणारी कोणी का असेना, वाचणारी ते स्वतःच म्हणते.

याउलट आज्ञा. 'हसत राहा', 'स्वतःवर प्रेम करा', 'आत्मविश्वास बाळगा'. गिऱ्हाइकं या ओळी फार मागतात. मी त्यांना एवढंच विचारते, की जिला देताय तिला दिवसभरात किती जणं काय काय करायला सांगतात? त्यात आरशानंही भर घालायची का? 'सक्षमीकरण' हा शब्द घाला, अशीही मागणी महिला दिनाच्या सुमारास येते. २००१ हे साल केंद्र सरकारनं महिला सबलीकरण वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून तो शब्द व्यासपीठावरून खाली उतरलेला नाही. शिवाय रुंदीकरण, डांबरीकरण यांच्यासारखा तो दुसऱ्यानं येऊन करायच्या कामाचा शब्द आहे. आरशावर नको.

आता दोन लहान शब्दांविषयी. ते दिसले की मी लाल पेन उचलते. एक 'पण' आणि दुसरा, शब्दाला चिकटून येणारा 'ही'. 'सावळी पण सुंदर.' 'चाळिशीतही तरुण.' लिहून देणारीच्या मनात माया असते, यात मला शंका नाही. पण सावळी आणि सुंदर यांच्या मध्ये 'पण' घातला, की सावळेपणा हा दोष ठरला आणि सुंदर हा शब्द त्याची भरपाई झाला. गोरेपणाचं क्रीम आपल्याकडे १९७५ पासून विकलं गेलं. त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द निघायला २०२० साल उजाडलं. शब्द निघाला तरी 'पण' आपल्या बोलण्यात शिल्लक आहे. मी 'पण' काढते आणि वाक्य पुन्हा वाचायला सांगते : सावळी, सुंदर. बहुतेक वेळा पलीकडची बाई क्षणभर गप्प होते आणि मग 'असंच ठेवा' म्हणते. चाळिशीतही तरुण दिसण्याऐवजी एका बाईंना आम्ही 'पन्नाशी, झोकात!' असं करून दिलं. त्यांचं वय खरोखरच पन्नास होतं आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटली नाही.

सगळ्यात नाजूक प्रकरण 'सौ.'चं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका बाईंचा फोन आला. चाळीस आरसे हवे होते, वर 'सौभाग्याचं लेणं' असं लिहायचं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "यंदा आम्ही सोसायटीतल्या सगळ्याच बायकांना बोलावतोय, ताई. दोघींचे मिस्टर नाहीत. त्यांनाही बोलावलंय." २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, तो त्यांनी पेपरात वाचला होता. मी म्हटलं, मग त्या दोघींच्या हातात 'सौभाग्याचं लेणं' कसं द्यायचं? त्यांना वेगळा आरसा दिला, तर वेगळं बसवल्यासारखंच झालं. फोनवर बराच वेळ शांतता. त्यांनाही ते जाणवलं असावं. त्यांच्या सासूबाईंना सौभाग्याचा उल्लेख हवा होता, आणि घरातला वाद आरशावरून पेटू नये अशीही त्यांची इच्छा होती. चार-पाच ओळी बाद झाल्या. शेवटी ठरली ती 'टिकली माझ्या आवडीची'. कुणी लावो, न लावो, कुठल्याही रंगाची लावो, चाळिसांपैकी कुणालाही ती हातात धरता येत होती. आठवड्यानं त्यांचा पुन्हा फोन आला. त्या दोघींपैकी एक आली होती. जी आली नाही, तिचा आरसा हिनं मागून नेला होता.

हे झालं अर्थाचं. पण ओळ शेवटी वस्तूवर मावावी लागते. खिशातला गोल आरसा साधारण ५८ मिलिमीटरचा असतो. कडा दुमडल्यावर मजकुराला जेमतेम पाच सेंटिमीटर उरतात, त्यात नावही घालायचं. मराठीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या, की वरचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. जोडाक्षरं बारीक आकारात काळ्या ठिपक्यासारखी दिसतात. 'आत्मविश्वास' हा शब्द लाकडी कंगव्यावर लेझरनं कोरून बघा, 'त्म' आणि 'श्व' जळून एक होतात. 'मला मी आवडते' यात एकही जोडाक्षर नाही, म्हणून ती ओळ कुठंही स्वच्छ उठते. मगची तऱ्हा आणखी वेगळी. मजकूर आधी खास कागदावर उलटा छापतात, आरशात दिसावा तसा, मग तो कागद मगला गुंडाळून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तापवतात, तेव्हा शाई वाफ होऊन मगच्या लेपात शिरते. छापल्यावर चूक पुसता येत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षराचे पाय मोडतात. त्यामुळे उलटा मजकूर सुलटा करून, मोठ्यानं वाचूनच मी पुढे पाठवते.

एक ऑर्डर मात्र अशी होती, की तिला जागा पुरून उरली. एका मुलीच्या मोठ्या बहिणीची केमोथेरपी चालू होती, केस गेले होते. घरातल्या आरशावर ताई टॉवेल टाकून ठेवत असे. धाकटीला तिच्यासाठी झाकणाचा आरसा हवा होता, म्हणजे वाटेल तेव्हा उघडता येईल, नको तेव्हा मिटता येईल. मैत्रिणींनी 'तू योद्धा आहेस' असं सुचवलं होतं. मी विचारलं, "ताई स्वतः काय म्हणते?"

"कंटाळले म्हणते, काकू. आणि म्हणते, आरशात दुसरीच कुणीतरी दिसते."

थकलेल्या माणसाला योद्धा म्हटलं, की त्याच्या अंगावर आणखी एक काम येतं. मी तिला दोन ओळी पाठवल्या. एक 'ही मी, अशीच', दुसरी नुसती 'ही मीच'. तिनं दुसरी घेतली. दोन शब्दांतला तो 'च' काय करतो, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ताईला तो आरसा आवडला का, हे मी विचारलं नाही. अशा गोष्टी आपण होऊन विचारू नयेत. नाव घालू नका, असं धाकटीनं सांगितलं होतं, तेही मला योग्य वाटलं.

नावाचा विषय निघालाच आहे, तर तुम्हाला अशी वस्तू करून घ्यायची असेल तेव्हा एवढं करा. आजकाल सगळे जण नावं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत पाठवतात. त्यात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, 'न' की 'ण' तेही कळत नाही. गेल्या संक्रांतीला एका यादीत वीणा नावाच्या बाई होत्या. टाइप करणाऱ्या मुलानं इंग्रजी अक्षरांवरून जे लावलं ते 'विना'. खाली ओळ होती 'मला मी आवडते'. तो आरसा छापायला जाण्याआधी थांबवला. आता आमच्या मागणीच्या कागदावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : नाव कृपया मराठीत लिहून पाठवावे.